जुना वासा, ओली रीप

सकाळी ६.१०

मेस्त्री येतात तेव्हा अंगणात अजून गारवा असतो. मोटारसायकलच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली हत्यारं. करवत, दोन पटाशा, किकरं, वाकस, गुण्या, हातोडी. वाकसाचा दांडा त्यांनी स्वतः तासलेला, धरून धरून गुळगुळीत झालेला. वय साठीच्या पुढे. बरोबर एक पोरगा, हाताखाली काम करणारा. मेस्त्रींची मजुरी दिवसाला अकराशे, पोराची साडेसहाशे.

राजापूर तालुक्यातलं गाव, मे महिन्याचा पहिला आठवडा. जांभ्या चिऱ्याच्या भिंती वर आल्यात, छप्पर बाकी आहे. जुनं घर दिवाळीनंतर उतरवलं. त्याचे वासे, आढं, तुळया आंब्याखाली रचून ठेवल्यात. नव्या रिपा परवाच गिरणीतून आल्या. मृग लागायच्या आत कौलं चढली पाहिजेत. म्हणजे हातात महिना आहे.

आज ठरवायचंय ते एवढंच की या लाकडाला औषध लावायचं का. काकींचा मुलगा ठाण्याला नोकरी करतो, आठ दिवसांची रजा काढून आलाय. त्याला सगळ्याच लाकडाला लावून हवंय. मेस्त्री म्हणतात, ऐनाला कसलं औषध. घर काकींच्या नावावर आहे. त्या म्हणाल्या, आधी लाकूड बघा, मग बोला.

सकाळी ६.४०

पहिला वासा. मेस्त्री हातोडी उलटी धरतात आणि दांड्यानं एका टोकापासून ठोकत जातात. खण, खण, खण. मध्येच आवाज बसतो. तिथे थांबून पटाशीचं टोक टेकवतात, तळहातानं दाबतात. टोक आत शिरत नाही.

"गाठ आहे," म्हणतात आणि पुढे सरकतात.

वासे चव्वेचाळीस, सगळे ऐनाचे. काकींच्या सासऱ्यांनी घातलेले. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हाच ते काळे होते. कुठला वासा कुठल्या खोलीवरचा, हे मेस्त्री रंगावरून सांगतात. ओटीवरचे करडे. माजघरावरचे तपकिरी. स्वयंपाकघरावरचे काळेकुट्ट, हात लावला की काजळी बोटाला येते. आणि सगळ्यात निरोगी निघतात ते हेच काळे.

यात नवल नाही. चुलीचा धूर रोज दोन वेळा वर जायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. त्या उबेनं लाकूड कोरडं राहायचं. धुराचा थर बसलेल्या लाकडात किडा सहसा शिरत नाही. त्याला कुणी औषध म्हणालं नाही, पण पावसाळ्यातसुद्धा छपराला ते मिळत होतं. नव्या घरात गॅस आहे, धूर नाही. म्हणून मुलाचा प्रश्न मला रास्त वाटतो. वासे तेच असले तरी त्यांच्याखालचं घर बदललंय.

मुलानं लाकडाची ओल मोजायचं यंत्र आणलंय, मुठीएवढं, दोन सुयांचं. सुया वाशात रुतवल्या की आकडा दिसतो. १३. दुसऱ्या वाशाला १४. मेस्त्री वाकून बघतात.

"वीसच्या खाली असलं की लाकूड कुजत नाही, काका."

"मग हे कुठं कुजतंय," मेस्त्री म्हणतात.

सकाळी ७.३०

नवव्या वाशाला भोकं आहेत. टाचणीच्या डोक्याएवढी, एका कडेनं ओळीत. मुलगा फोनवर फोटो काढतो. पोरगा म्हणतो, गेला हा. मेस्त्री काही बोलत नाहीत. वासा उलटा करतात, कुंच्यानं कड झाडून घेतात, खाली वर्तमानपत्र पसरतात आणि हातोडीनं चार ठोके देतात. कागदावर धूळ पडते. करडी, जुनी. नवीन काही नाही.

"ताजा असता तर मैदा पडला असता."

हे खरं आहे. जिवंत किड्याचा भुसा फिकट आणि बारीक असतो, चिमटीत धरला तर कणही लागत नाही. भोकाची आतली बाजू नव्या लाकडाच्या रंगाची दिसते. इथे ती काळी पडलीय. किडा येऊन, खाऊन, निघून गेल्याला कित्येक वर्षं झाली असतील.

आता मेस्त्री वाकस घेतात. पाय फाकवून वाशावर उभे राहतात आणि कड तासायला लागतात. पहिली ढलपी निघते, ती चाळणीसारखी. दुसरीत भोकं कमी. तिसऱ्या ढलपीला लाकूड गडद होतं आणि वाकसाचा आवाज बदलतो. चौथी निघतच नाही, नुसती साल सुटल्यासारखी पातळ चिरफळी उडते. अर्ध्या इंचाच्या आत सगळी भोकं संपलेली असतात. एकही पुढे गेलेलं नाही.

मुलगा ढलप्या हातात घेऊन बघत राहतो. झाडाचा बाहेरचा पांढरा भाग असतो, त्यातून झाड पाणी वर चढवतं आणि पिष्ट साठवतं. हा भुंगा त्या पिष्टासाठी येतो. लाकडाच्या छिद्रांत अंडी घालतो, अळी आतून खात राहते, आणि तिचा भुंगा झाला की तो भोक पाडून बाहेर पडतो. आतला गाभा त्याच्या कामाचा नसतो. तिथे पिष्ट नाही. या वाशाच्या कडेला मूळ तासणाऱ्यानं थोडं पांढरं राहू दिलं होतं, तेवढंच किड्यानं खाल्लं आणि तिथेच थांबला.

आठ वाजेपर्यंत चव्वेचाळीस वासे बघून होतात. सात वाशांची खालची टोकं भुसभुशीत निघतात. ती वळचणीकडची, पागोळ्यांनी भिजणारी. पटाशी सहज आत जाते. यात किड्याचा दोष नाही, फुटक्या कौलातून पाणी येत राहिलं असणार. मेस्त्री करवतीनं दीड-दीड फूट टोक उडवतात. ते आखूड वासे पडवीला लागतील. बाकी सदतीस मोठ्या छपराला.

"यांना औषध नको," मेस्त्री म्हणतात.

मुलगाही या वेळी हो म्हणतो.

सकाळी ८.३०

न्याहारी. घावणे, ओल्या नारळाची चटणी, चहा. पोरगा सहा घावणे खातो. मेस्त्री दोन खाऊन ताट सारतात. विषय पैशाचा निघतो. पूर्वी एका उन्हाळ्यात ते चार-चार छपरं उभी करायचे. यंदा लाकडाचं एवढं एकच. बाकी सगळीकडे लोखंडी पाइप आणि वरून कौलं किंवा पत्रा. त्यांचा मुलगा फॅब्रिकेशनच्या कामाला जातो. "त्याला बरं पडतं," म्हणतात आणि हात धुवायला उठतात.

सकाळी ९.००

आता नव्या रिपा. सव्वाशे. दहा फुटी, दोन बाय एकच्या. याही ऐनाच्याच, काकींच्या वरच्या वाडीतल्या झाडांच्या. ऐन तोडायचा तर स्वतःच्या जमिनीतला असला तरी परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, फणस, आंबा, किंजळ यांच्याबरोबर ऐनही आहे. अर्ज, पंचनामा, मग तोड, मग वाहतुकीचा पास, मग गिरणी. झाडं चिरून रिपा अंगणात येईपर्यंत एप्रिल संपला.

मेस्त्री एकेक रीप उचलतात, उजेडात फिरवतात आणि तीन ढीग करतात. मी शेजारी बसून बघतो. पहिल्या ढिगातली रीप चारी बाजूंनी गडद. दुसऱ्या ढिगातली एका कडेला फिकट, कुठे पाव इंच, कुठे अर्धी रीप. तिसऱ्या ढिगात कडेला साल चिकटून राहिलेल्या, वाकड्या, गाठीवर फुटलेल्या.

एक्कावन्न गडद. पासष्ट फिकट कडेच्या. नऊ बाद.

सासऱ्यांच्या वाशात पांढरं जवळपास नव्हतं आणि इथे निम्म्याहून जास्त रिपांत आहे. मेस्त्री कारण सांगतात ते सरळ आहे. तेव्हाचा ऐन दोन माणसांच्या कवेत मावायचा नाही, त्याला गाभाच गाभा. पांढरं तासून फेकलं तरी लाकूड उरायचं. आताची झाडं कोवळी. पांढरं टाकायचं म्हटलं तर रिपा निम्म्या होतील आणि आणखी झाडं तोडावी लागतील. माझ्या मते औषधाचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. ज्या लाकडाला गाभा आहे, त्याला औषध लावणं म्हणजे खर्च. ज्याला नाही, त्याला न लावणं म्हणजे पाच-सात वर्षांनी कौलं उतरवणं.

यंत्राच्या सुया नव्या रिपेत रुतवल्या तर आकडा येतो ३०. लाकूड ओलं आहे. मुलाचा चेहरा पडतो. पण आजच्या कामाला ही ओल चालते, किंबहुना हवीच असते. ते दुपारी कळेल.

सकाळी ९.५०

औषधवाला येतो. तालुक्याच्या गावाहून, स्कूटरवर. गळ्यात फवाऱ्याचा पंप नाही, आज फक्त दर सांगायला आलाय. टेपनं मोजून घेतो. दोन्ही पाखी मिळून बत्तीस बाय अडतीस, बाराशे सोळा चौरस फूट. चौरस फुटाला बारा रुपये.

"मॅडम, तुम्हाला चौदा हजारात करून देतो. पाच वर्षांचं गॅरंटी कार्ड."

काकी विचारतात, औषध कुठलं? तो नाव सांगतो, वाळवीसाठी जमिनीत सोडतात तेच, पाण्यात कालवून फवारायचं. किती आत जातं? तो हसून म्हणतो, मॅडम, भरपूर. मुलगा त्याला पुन्हा तेच विचारतो. तेव्हा तो कबूल करतो की सुक्या लाकडात वरवरच बसतं. आणि गॅरंटीत दर वर्षी तपासणी आहे, पण सीलिंग मारलं असेल तर ते काढून द्यायची जबाबदारी घरमालकाची.

माणूस खोटारडा नाही. त्याच्याकडे पंप आहे, फवारणी आहे, तेवढंच तो विकू शकतो. वाळवी जमिनीतून येते, भिंतीवर मातीच्या नळ्या करत वर चढते, तिच्यासाठी जोत्याखालची माती आधीच औषधाची करून घेतलेली बरी. ते काम या घराचं पाया भरतानाच झालंय. छपरावर फवारून ती अडत नाही.

मुलानं आणखी एक माहिती काढून ठेवलेली असते. दाबाखाली रसायन भरलेलं हिरवट लाकूड बाजारात मिळतं, तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणाचं. हे मिश्रण भारतातलंच, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये तयार केलेलं. जगभर गेलं, विजेच्या खांबांना, कुंपणांना, जेटींना. टिकाऊपणात त्याला तोड नाही. पण अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबवलं, ते आर्सेनिकमुळे.

काकी सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "उरलेले तुकडे न्हाणीत जाळले तर?"

जाळायचे नाहीत, मुलगा सांगतो. धुरात आणि राखेत आर्सेनिक येतं.

"मग नको. इथे तुकडा पडला की बाया चुलीत घालतात. मी कुणाकुणाला सांगत बसू? आणि राख भांड्यांना."

तो विषय तिथेच संपतो. औषधवाल्याला चहा देतात. तो जाताना कार्ड ठेवून जातो.

सकाळी १०.४५

उरतं ते बोरॉन. मुलानं येताना कोल्हापुरातून आणलंय. बोरॅक्स साडेसात किलो, एकशे दहा रुपयांनी. बोरिक ॲसिड पाच किलो, दीडशेनं. एकूण पंधराशे पंच्याहत्तर. पोरगा बोरिकची पिशवी उघडून म्हणतो, ही तर कॅरमची पावडर. काकी बोरॅक्सचा खडा बोटांत चुरडून म्हणतात, हा तर टाकणखार. त्यांच्या आईकडे डब्यात असायचा, तोंड आलं की लाही करून लावायचे. मुलगा त्यांना बजावतो की हे पोटात जाऊ द्यायचं नाही, थोडंही. त्या मान हलवतात आणि हात धुऊन येतात.

हौद हवा. दहा फुटी रीप बुडेल असा हौद कुणाकडे असतो? मेस्त्री चिरे मागवतात. अंगणात दोन समांतर रांगा, अकरा फूट लांब, मधे दीड फूट जागा. दोन टोकांना आडवे चिरे. आत भाताचा पेंढा, म्हणजे खालचे खडे टोचायचे नाहीत. वर नवी ताडपत्री, नऊशे रुपयांची, दुहेरी. कडा चिऱ्यांवरून बाहेर सोडून दगड ठेवले. वीस मिनिटांत हौद तयार.

तीन दगडांच्या चुलीवर दोन मोठी पातेली. चाळीस लिटर पाणी उकळीला आणायचं. बोरॅक्स थंड पाण्यात नीट विरघळत नाही, तळाला बसतं. प्रमाण दीडाला एक, दीड भाग बोरॅक्स आणि एक भाग बोरिक. दोन्ही एकत्र घातले की एकट्यापेक्षा जास्त विरघळतात. पोरगा वल्ह्याएवढ्या फळीनं ढवळतो. पाणी आधी दुधी होतं, मग हळूहळू नितळ. हौदात आधी पंच्याऐंशी लिटर पाणी भरलेलं असतं, त्यात हे ओततात. सव्वाशे लिटरला साडेबारा किलो. दहा टक्के.

गोठ्यातली पाडी दोर ताणून हौदाकडे बघते. काकी तिला मागच्या आवारात नेऊन बांधतात.

दुपारी १२.००

पहिली खेप. सोळा रिपा, रबरी हातमोजे घालून. ओला ऐन जड असला तरी जरा तरंगतो. वरून दोन आडव्या पट्ट्या आणि चार चिरे ठेवतात, मग सगळ्या बुडतात. कडांमधून बारीक बुडबुडे येतात. मुलगा फोनवर एक तास लावतो.

सकाळच्या त्या ३० आकड्याचं उत्तर इथे आहे. बोरॉनची क्षारं पाण्यातून चालतात. लाकडात ओल असेल तर ती वाटेनं आत सरकत जातात, बुडवणं संपल्यावरही. सुक्या लाकडावर तेच पाणी ब्रशनं फिरवलं तर दोन-तीन मिलिमीटरांवर थांबतं. म्हणून या रिपा आज बाहेर काढून लगेच वाळवायच्या नाहीत. एकावर एक रचून, ताडपत्रीत घट्ट गुंडाळून दोन आठवडे तशाच ठेवायच्या. मग सावलीत वाळवायच्या.

मेस्त्रींना हे पटायला वेळ लागत नाही. बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचे ते त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. महिनाभर पाण्यात राहिला की बांबूतलं पिष्ट सुटून जातं आणि भुंगा लागत नाही. तिथे पाणी आतलं बाहेर काढतं, इथे बाहेरचं आत नेतं.

"मग किड्यानं खाल्लं की मरतो?"

खाल्लं की मरतो. बोरॉन पोटात गेलं की त्याचं पचन बंद पडतं. घरात वास नाही, वाफ नाही. म्हणूनच आत राहणाऱ्यांना ते सोसतं.

दुपारी १.१५

दुसरी खेप बुडवून सगळे जेवायला बसतात. भात, कुळथाचं पिठलं, सुक्या जवळ्याची चटणी, सोलकढी.

मुलगा सीलिंगचा विषय काढतो. त्याला बैठकीच्या खोलीला पीव्हीसीचं सीलिंग हवंय. उन्हाळ्यात उकडतं, कौलांतून धूळ पडते. एसी लावायचा तर सीलिंग पाहिजेच.

मेस्त्री भात कालवता कालवता म्हणतात, "लाव. पण मग मला बोलवू नको."

मुलगा गप्प होतो. मेस्त्री थोड्या वेळानं सांगतात. छप्पर उघडं असलं की रोज कुणाची तरी नजर जाते. झोपताना जाते. डाग दिसला की कौल बदलतो. भुसा अंथरुणावर पडला की कळतं. सीलिंग मारलं की वर काय चाललंय ते दहा वर्षं कुणी बघत नाही, आणि कळतं तेव्हा वासा हातात येतो.

मला वाटतं दिवसभरात सर्वांत मोलाचं जे बोललं गेलं ते हे. औषधाच्या बाटलीवर वर्षं लिहिलेली असतात, पण फुटक्या कौलाखाली ती वर्षं मोजली जात नाहीत. बोरॉनसुद्धा पाण्यानं धुऊन जातं. गळणाऱ्या छपरात ते राहत नाही.

काकी तोडगा काढतात. सीलिंग बैठकीच्या एकाच खोलीला, आणि त्यातल्या दोन ठिकाणच्या पट्ट्या स्क्रूनं, काढता येतील अशा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, शिडी लावून टॉर्च मारायचा. बाकीचं छप्पर उघडं. मुलगा मान्य करतो. वरच्या हवेला बाहेर पडायला तिकटीत जाळी ठेवायचंही ठरतं.

दुपारी २.२०

तिसरी खेप. ऊन कडक आहे, हौदातलं पाणी कोमट झालंय. प्रत्येक खेपेला पाणी चार-पाच लिटरनं उतरतं, तेवढं लाकडानं प्यायलेलं.

मुलगा एका रिपेचं टोक करवतीनं कापून बघतो, काही कळत नाही. बोरॉनला रंग नाही. ते किती आत गेलं हे बघायची प्रयोगशाळेतली रीत हळदीची आहे. हळदीचा अर्क अल्कोहोलमध्ये काढतात, कापलेल्या तोंडावर लावतात, वरून आम्ल शिंपडतात. जिथे बोरॉन असेल तिथे पिवळ्याचं लाल होतं, नसेल तिथे पिवळंच राहतं. काकी हे दोनदा विचारून घेतात. दोन आठवड्यांनी ताडपत्री काढल्यावर एक तुकडा कापून रत्नागिरीला कॉलेजात शिकणाऱ्या भाचीकडे पाठवायचं त्या ठरवतात.

दुपारी ३.३०

चौथी आणि शेवटची खेप, सतरा रिपा. ती बुडलेली असताना मेस्त्री तुळयांच्या टोकांकडे वळतात. भिंतीत नऊ इंच शिरणारी टोकं. ऐनाचा गाभा असला तरी इथे ते सोडत नाहीत. चिरा ओल धरतो, आणि लाकडाचं कापलेलं टोक पाणी ओढतं. टोकांवर बोरॉनचं पाणी ब्रशनं तीनदा, प्रत्येक वेळी आधीचं मुरू देऊन. तुळईच्या खाली घडवलेला काळा दगड. तिन्ही बाजूंना बोटभर फट.

गवंडी ती फट सिमेंटनं भरायला बघतो. मेस्त्री त्याचा हात धरतात.

"अरे, श्वास घेऊ दे त्याला."

वळचणीबाहेर येणाऱ्या टोकांना वेगळं. तिथे पाऊस लागणार, बोरॉन टिकणार नाही. तिथे काजूच्या टरफलाचं तेल. काळं, घट्ट, पाच लिटरचा कॅन साडेतीनशेला, काजूच्या कारखान्यातून. होड्यांनाही लावतात. थोडं रॉकेल घालून पातळ करतात. हे तेल बिब्ब्याच्या जातीचं, अंगावर उडालं तर फोड येतो. पोरगा आधी हातांना खोबरेल चोळतो, मग हातमोजे घालतो. शेजारचे एक गृहस्थ विचारतात, गॅरेजातलं जळकं ऑइल का नाही लावत, फुकट मिळतं. मेस्त्रींनी ते पूर्वी लावलंय. कौलं तापली की दोन-दोन वर्षं वास येतो, अंथरुणावर काळे थेंब पडतात. आणि आग लागली तर विचारायलाच नको.

दुपारी ४.१५

पश्चिमेला काही नाही, पण घाटाच्या बाजूनं काळं भरून येतं. वळीव. वारा आधी येतो, आंब्याची वाळली पानं हौदात पडतात. शेवटची खेप पंधरा मिनिटं आधीच बाहेर काढावी लागते. आता घाई. पासष्ट रिपा, एकावर एक, मधे पट्ट्या न घालता. वाळवायच्या असत्या तर पट्ट्या घातल्या असत्या. दुसरी ताडपत्री शेजारच्यांकडून मागून आणतात. खालून वर, कडा आत दुमडून, सुंभानं तीन ठिकाणी आवळून. रिपा भिजल्या तर दिवसभराचं औषध अंगणात वाहून जाईल.

थेंब मोठे पडतात. मुलगा आणि काकी हौदावर पत्रा ओढतात. पोरगा हसत हसत भिजतो. वीस मिनिटांत सगळं थांबतं. मेस्त्री ताडपत्रीखाली हात घालून बघतात. पावसाचं पाणी आत गेलेलं नाही.

संध्याकाळी ५.२०

हौदात शंभरएक लिटर पाणी उरलंय. ओतायचं कुठे? अंगणाच्या उतारावर हापूसची कलमं आहेत, खाली सुपारी. बोरॉन झाडाला चिमूटभर लागतं, जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात आणि झाड बसतं. विहीर पन्नास पावलांवर. तेव्हा ओतायचं नाही. मेस्त्री त्यातलं निम्मं त्या एक्कावन्न गडद रिपांवर ब्रशनं मारायला सांगतात, फुकट आहे तर मारून घ्या. ते उद्याचं काम. बाकीचं तीन कॅनमध्ये भरून, वर खडूनं "विष" लिहून, माळ्यावर. पडवीच्या रिपा पुढल्या महिन्यात येतील, त्यांना लागेल.

संध्याकाळी ६.१५

काकी वही काढतात. मेस्त्री अकराशे, पोरगा साडेसहाशे. क्षारं पंधराशे पंच्याहत्तर. हातमोजे दोन जोड, एकशे वीस. ताडपत्री नऊशे. काजूचं तेल साडेतीनशे. बेरीज चार हजार सहाशे पंच्याण्णव. मुलगा बघून म्हणतो, फवारणीचे चौदा हजार होते. काकी म्हणतात, त्यात आपली दिवसभराची पायपीट धरलेली नाही.

मेस्त्री पैसे न मोजता खिशात घालतात आणि तारखा सांगतात. एकोणीसला ताडपत्री काढायची, आधी नाही, कितीही वाटलं तरी. चार दिवस सावलीत. तेवीसला ते रिपा मारायला येतील, साडेबारा इंचांच्या अंतरानं. सव्वीसपासून कौलं.

"आणि त्या नऊ रिपा?" मुलगा विचारतो.

"गिरणीत घेऊन जा. तुमच्याच झाडाच्या आहेत, पण चिरताना त्यानं साल ठेवली, चूक त्याची. बदलून देईल. सकाळी नऊच्या आत गाठा, नंतर तो भेटत नाही."

मुलगा टेम्पोवाल्याला फोन लावतो. भाडं पाचशे सांगतो. साडेचारशेवर ठरतं, आठ वाजता.